पद्मिनीचा रेडिएटर: मुलुंड ते लोणावळा

५ ऑक्टोबर २०२५, रविवार

दसऱ्याला संध्याकाळी आईला घेऊन मुलुंडहून दादरला निघालो होतो. बोनेटवर झेंडूचा हार, आरशाला आपट्याची पानं. घाटकोपरपर्यंत तापमानाचा काटा मधोमध होता. सायनच्या अलीकडे गाड्या तुंबल्या आणि दहा मिनिटांत काटा लाल पट्टीला टेकला. बोनेटच्या फटीतून वाफ यायला लागली. गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि पाऊण तास आईला फुटपाथवर उभं राहावं लागलं. ती एवढंच म्हणाली, "तुझ्या बाबांच्या वेळी ही खंडाळ्याच्या घाटात उकळायची. आता सायनलाच उकळायला लागली."

तीन दिवस ते वाक्य डोक्यातून जात नाहीये. म्हणून आजपासून ही वही.

गाडी प्रीमियर पद्मिनी, नोंदणी १९८४. इंजिन १०८९ सीसी, बीडाचा ब्लॉक आणि वर अ‍ॅल्युमिनियमचं हेड, मूळ घराणं फियाट ११०० चं. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार झाली. बाबांनी नंबर लावून, वाट बघून घेतली होती. त्यांचा पाच लिटरचा पाण्याचा कॅन अजून डिकीत असतो.

"जुनी गाडी आहे, तापणारच," असं सायनला थांबलेल्या दोघांनी तरी मला ऐकवलं. मला ते पटत नाही. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी हीच गाडी भर मे महिन्यात दिवसाचे बारा-बारा तास चालवली. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून उतरली ती ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस, आणि तीही तापते म्हणून नव्हे, टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली म्हणून. म्हणजे नवी असताना ही गाडी थंड राहत होती. मधल्या ४१ वर्षांत काहीतरी बुजलं, झिजलं किंवा कुणीतरी काढून टाकलं. ते शोधायचंय.

ठरवलेलं काम: अर्धा तास सिग्नलला उभी राहिली तरी पाणी ९५ अंशांच्या वर जायला नको, आणि भाऊबीजेला आईला मामांकडे लोणावळ्याला घाटात न थांबता न्यायचं. मामांचे गुडघे गेल्यापासून ओवाळायला आईच तिकडे जाते. भाऊबीज २३ तारखेला आहे. हातात अठरा दिवस.

६ ऑक्टोबर, सोमवार (रात्री)

आज एकही नट सैल केला नाही. फक्त मोजलं.

लॅमिंग्टन रोडवरून प्रोबचं थर्मामीटर आणलं. लांबून तापमान दाखवणारी पिस्तुलासारखी गन माझ्याकडे आधीपासून आहे, पण ती चकचकीत पितळेवर धरली की फसवते, खऱ्यापेक्षा कितीतरी कमी आकडा दाखवते. उपाय सोपा आहे. जिथे मोजायचं तिथे काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवायचा आणि गन त्या टेपवर धरायची. रेडिएटरच्या वरच्या टाकीला (इथे इंजिनातलं गरम पाणी येतं) एक, खालच्या टाकीला (इथून ते गार होऊन परत जातं) एक आणि थर्मोस्टॅटच्या, म्हणजे पाणी तापल्यावरच ते रेडिएटरकडे सोडणाऱ्या झडपेच्या, घराला एक अशा तीन पट्ट्या लावल्या.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये, बोनेट लावून, हवा ३१ अंश. वीस मिनिटं जागेवर चालू ठेवल्यावर वरची टाकी ९६ आणि चढतीच, खालची टाकी ६३. रेस देऊन इंजिन मिनिटाला साधारण २००० फेऱ्यांवर धरलं तेव्हा वर ९४, खाली ६६.

वरच्या आणि खालच्या आकड्यांमधला हा फरक मला आज सगळ्यात मोलाचा वाटला. रेडिएटरमधून पाणी नीट धावत असेल तर फेऱ्या वाढवल्यावर हा फरक दहा अंशांच्या आसपास उतरायला हवा. फरक कमी आणि तरीही पाणी गरम, तर हवा उष्णता उचलत नाहीये असं समजायचं. फरक मोठा, तर पाणीच रेंगाळतंय: जेवढं थोडं जातंय तेवढं चांगलं गार होतंय, पण जातंय फारच थोडं. माझा फरक २८. म्हणजे आधी पाण्याची वाट मोकळी करायची, पंख्याकडे नंतर बघायचं. मोठा पंखा आणायला मी शनिवारीच निघालो होतो, तो पैसा वाया गेला असता.

गन जाळीवरून आडवी-उभी फिरवली. डावीकडचा खालचा कोपरा, जवळजवळ एक चतुर्थांश जाळी, हाताला कोमट. तिथल्या नळ्यांतून पाणी जातच नाहीये.

११ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी सातला सुरुवात. थंड इंजिनावर झाकण उघडलं. आतलं पाणी गेरू कालवल्यासारखं. रेडिएटरचा खालचा कॉक सोडला, सव्वाचार लिटर मोजून निघालं. ब्लॉकच्या अंगाचा कॉक सोडला तर त्यातून थेंब नाही. सायकलच्या स्पोकने टोकरत राहिलो, दहा मिनिटांनी एक खडा निघाला आणि मग चिखल आला. तांबडा, दाट, बोटाला रेतीसारखा लागणारा. हा चिखल चौथ्या सिलिंडरच्या भोवती साचून होता. रेडिएटरपासून सगळ्यात लांबचा सिलिंडर तो.

हे आलं कुठून ते मला ठाऊक आहे, आणि लिहून ठेवायला हवं. आमच्या सोसायटीत गाड्या धुवायला बोअरचं पाणी आहे. नळाचं पाणी भातसा, तानसा, वैतरणेकडून येतं, ते बरंच सौम्य. बोअरचं पाणी खारट आणि जड. बादलीत ते हाताशी असायचं, म्हणून वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये तेच ओतलं गेलं, बाबांकडून आणि नंतर माझ्याकडूनही. बीड, अ‍ॅल्युमिनियम, तांबं, पितळ असे चार धातू एकाच खारट पाण्यात ठेवले की ते एकमेकांना खातात. त्याचाच हा चिखल.

थर्मोस्टॅटचं घर उघडलं. आत थर्मोस्टॅट नाहीच! नुसती रिंग. टॅक्सी स्टँडवरच्या मेकॅनिक मंडळींचा हा जुना रिवाज: गाडी तापली की पहिला "थर्मोस्टॅट वॉल" काढून फेकायचा. घाईच्या वेळी तो निघतो आणि परत कधी बसत नाही. त्याने दोन नुकसानं होतात. सकाळी इंजिन गरम व्हायला फार वेळ लागतो, पेट्रोल जास्त जातं, सिलिंडर झिजतात. दुसरं नुकसान कमी लोकांना माहीत असतं. थर्मोस्टॅटच्या अरुंद तोंडामुळे पंपाचा दाब ब्लॉकमध्ये टिकतो, आणि दाब असला की एक्झॉस्टच्या तोंडाशी, जिथे धातू सगळ्यात तापलेला असतो, तिथे पाण्याचे बुडबुडे होत नाहीत. बुडबुडा धातूला चिकटला की तेवढ्या जागेला पाणी लागतच नाही. "पाणी जोरात धावलं की त्याला गार व्हायला वेळ मिळत नाही," हे मात्र मी अनेकांकडून ऐकलंय आणि ते खरं नाही. जोरात धावणारं पाणी एकूण जास्तच उष्णता वाहून नेतं.

दुपारी धुलाई. किराणा दुकानातून लिंबूफूल आणलं, लिटरला ५० ग्रॅम हिशेबाने गरम पाण्यात विरघळवलं आणि जुना रेडिएटर जागेवर असतानाच भरलं. हा क्रम मुद्दाम ठेवला: ब्लॉकमधला गाळ सुटून नव्या जाळीत जाऊन बसायला नको. इंजिन ७० अंशांवर अर्धा तास चालवलं, त्याहून जास्त नाही, कारण हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे. बाहेर आलेलं पाणी काळपट हिरवं. दोन वेळा साध्या पाण्याने, एकदा खायच्या सोड्याच्या पाण्याने, पुन्हा दोन वेळा साध्या पाण्याने धुतलं. शेवटी नळी उलट्या बाजूने, थर्मोस्टॅटच्या तोंडातून आत सोडली. बीडाचे बारीक कण अजून येत होते. संध्याकाळी साडेसहाला पाणी स्वच्छ झालं. तसाच ओला बसलो आणि आईने आणून दिलेला चहा प्यायलो.

१२ ऑक्टोबर, रविवार

रेडिएटर उतरवून रिक्षाने कुर्ल्याला. रेडिएटरवाले काका मूळचे चिपळूणचे, चाळीस वर्षं हेच काम. त्यांनी बत्ती लावली, वरच्या टाकीची झाळ वितळवली आणि टाकी उचलून बाजूला ठेवली. "बघा," म्हणाले, "तोंडं मोजा." नळ्यांच्या दोन रांगा. त्यातल्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त नळ्यांची तोंडं पांढऱ्या थराने बंद.

"सळई मारून देऊ का? आठशे रुपयांत होईल."

"टिकेल का, काका?"

"टिकेल, पण नळ्या पातळ झाल्यात. सळई मारताना चार-पाच फुटतील, त्या मी दोन्हीकडून बंद करीन. म्हणजे परत तेच. तुम्हाला घाटात जायचंय म्हणता ना? मग कोअर बदला, म्हणजे नळ्यांची आख्खी जाळीच."

बराच वेळ तिथे बसलो, कारण हा निर्णय घाईचा नव्हता. एक पर्याय अ‍ॅल्युमिनियमचा तयार रेडिएटर घेऊन ब्रॅकेट बदलण्याचा. वजनाला हलका, नळ्या रुंद, काम चांगलं देतो. पण टाकी वेगळ्या आकाराची, तोंडं वेगळीकडे, आणि उद्या वाईच्या रस्त्यावर दगड लागून फुटला तर तिथे कोण दुरुस्त करणार? तांब्या-पितळेच्या रेडिएटरला कुठल्याही तालुक्याच्या गावी डाग देणारा मिळतो. शिवाय या दोन टाक्या कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेल्या आहेत. त्या मला ठेवायच्या होत्या.

मग रांगा किती? दोनच्या तीन करायचं ठरलं. चार रांगांचा कोअरही बसला असता, पण काकांनीच अडवलं, आणि त्यांचं कारण बरोबर आहे. पहिल्या रांगेला गार हवा लागते, दुसरीला कोमट, तिसरीला गरम. चौथ्या रांगेपर्यंत हवा पोचते तेव्हा तिच्यात उचलायची ताकद उरलेली नसते, आणि जाडी वाढल्यामुळे मुळात हवाच कमी शिरते. हळू चालणाऱ्या गाडीत तर फायदा सोडून तोटाच. दीड इंचाची जाळी दोन इंचांची होईल, एवढं बस झालं.

साडेसहा हजार ठरले. शुक्रवारी मिळेल.

१५ ऑक्टोबर, बुधवार

वॉटर बॉडी, म्हणजे पाणी फिरवणारा पंप, खोलली. बेअरिंगला हाताने हलवून कळावा इतका खेळ, खालच्या भोकाजवळ गंजाचा ओघळ. आतल्या चक्राची पाती टोकाशी खाऊन गेलेली.

एका दुकानातून नवी वॉटर बॉडी आणली आणि घरी आल्यावर जुनीशेजारी ठेवली, हे बरं केलं. नव्याचं चक्र पत्र्याचं, दाबून काढलेलं, आणि पाती जुन्यापेक्षा ४ मिलिमीटरने बुटकी. पातं आणि समोरची भिंत यांत एवढी फट राहिली तर पाणी पुढे ढकललं जाण्याऐवजी तिथेच घुसळत राहतं. दुकानदाराने कुरकुर न करता परत घेतली. दुसरीकडे ओतीव चक्राची मिळाली, किंमत जवळपास दुप्पट. फट मोजली, १ मिलिमीटरच्या आत.

पॅकिंग घरी कापलं. कागद वॉटर बॉडीच्या तोंडावर धरायचा आणि गोल डोक्याच्या हातोडीने कडेकडेने हलकं ठोकत जायचं. बिडाची कडच कागद कापते. बाबांना हे करताना मी लहानपणी पाहिलं होतं, आज पहिल्यांदा स्वतः केलं. दुसऱ्या कागदाला जमलं.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

ऑपेरा हाउसच्या बाजारातून थर्मोस्टॅट आणला, ८२ अंशांचा. न तपासता बसवायचा नाही असं ठरवलंय, म्हणून स्वयंपाकघरात गेलो. एका शेगडीवर आईचं चकल्यांचं तेल, दुसरीवर माझं पातेलं, त्यात दोऱ्याने टांगलेला थर्मोस्टॅट आणि प्रोब. तो तळाला टेकवायचा नाही, तळ जास्त गरम असतो. ८१ ला तोंड उघडायला लागलं, ९२ ला पूर्ण, पट्टीने मोजलं तर ८ मिलिमीटर. आत मेण असतं, ते वितळून फुगतं आणि दांडी ढकलतं. आईने चकली सोडायची थांबवून ते उघडताना पाहिलं. "एवढंसंच आहे आणि हेच काढून टाकलं होतं?" म्हणाली.

सुरक्षा म्हणून कडेला ३ मिलिमीटरचं एक भोक पाडलं आणि ते वरच्या बाजूला येईल असा बसवला. भरताना अडकलेली हवा तिथून निसटते.

रेडिएटर मिळाला. काकांनी माझ्यासमोर हौदात बुडवून हवा भरली, एकही बुडबुडा नाही. बाहेरून काळा रंग पातळच मारायला सांगितला होता. जाड रंग म्हणजे जाळीवर पांघरूण.

१९ ऑक्टोबर, रविवार

आज हवेची वाट. या गाडीला पंख्याभोवती कवच नाहीच, कधी काळी होतं की नाही कोण जाणे. पंखा गोल, जाळी चौकोनी. कवच नसलं की पंखा समोरच्या गोलापुरतीच हवा ओढतो, चारी कोपरे कोरडे राहतात. शिवाय पात्यांच्या टोकांवरून इंजिनखोलीतली गरम हवा पुन्हा पुढे येऊन फिरत राहते. चालत्या गाडीत ते चालून जातं. सिग्नलला उभ्या गाडीला फक्त पंख्याचाच आधार असतो.

मिठाईच्या दोन मोठ्या खोक्यांचा पुठ्ठा कापून आधी नमुना केला. चार वेळा कापला, पाचव्यांदा बसला. मग पत्रेवाल्याकडून अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचं करून घेतलं. पातं निम्मं कवचात आणि निम्मं बाहेर, चहूबाजूंनी १५ मिलिमीटर मोकळं. फट याहून कमी करायचा मोह होतो, पण इंजिन रबराच्या पायांवर बसलेलं आहे आणि झटका दिला की हलतं. रेडिएटर आणि बॉडी यांच्यातल्या भेगा स्पंजच्या पट्ट्यांनी बंद केल्या. हवेला जाळीतून जाण्यावाचून दुसरी वाट उरली नाही.

नागदेवी स्ट्रीटवरून होज आणि क्लिपा आणल्या. खालच्या होजमध्ये आत तारेचं वेटोळं असलेलाच घेतला. ती बाजू पंप ओढत असतो, मऊ होज चपटा होतो.

२२ ऑक्टोबर, बुधवार, पाडवा

पूजा झाल्यावर पाणी भरलं. ३० टक्के कूलंट, ७० टक्के डिस्टिल्ड वॉटर. अर्धं-अर्धं मिश्रण थंड मुलखासाठी. मुंबईत पाणी गोठत नाही, आणि उष्णता वाहायला साधं पाणीच कूलंटमधल्या ग्लायकोलपेक्षा सरस. कूलंट हवं ते गंज रोखायला. पुढची चाकं लाकडी उतारावर चढवली, म्हणजे झाकणाचं तोंड सगळ्यात उंच येतं. पावणेपाच लिटर मावलं. ११ तारखेला निघालेल्यापेक्षा अर्धा लिटर जास्त, त्यातली काही जागा नव्या तिसऱ्या रांगेची, काही आधी गाळाने व्यापलेली.

झाकणही नवं, ७ पीएसआय दाब धरणारं. जुन्याची स्प्रिंग अंगठ्याने दबत होती. एवढ्या दाबाखाली पाणी ११० अंशांच्या पुढेच उकळतं. शिवाय आजवर उतू गेलेलं पाणी नळीवाटे रस्त्यावर जायचं, आता तिथे एक बाटली बसवली. गाडी गार झाली की झाकणातला उलटा पडदा उघडून तेच पाणी परत ओढून घेतं.

जागेवर वीस मिनिटं: वर ८७, खाली ७४. २००० फेऱ्यांवर फरक ९. अठ्ठावीसवरून नऊ.

तरी उद्या लोणावळा नाही. भर रस्त्यात एकदाही न तपासलेल्या गाडीत आईला बसवून घाटात नेणार नाही. आई रेल्वेने जाईल. तिने काही म्हटलं नाही, पण पिशवी तिने सकाळीच भरून ठेवली होती, आणि मी ती पाहिली.

२६ ऑक्टोबर, रविवार

दुपारी एकला, हवा ३४, जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड. पवईपर्यंत ८६. परतताना कांजूरमार्गपाशी अडकलो आणि पंचवीस मिनिटांत ९८. उकळली नाही, सांडली नाही, पण ९५ ची रेघ ओलांडली.

घरी येऊन पुन्हा आकडे: वर ९७, खाली ८७. फरक कमी आणि पाणी गरम. म्हणजे पाण्याची वाट आता निर्दोष आहे. एकतर हवा कमी पडते, किंवा इंजिन गरजेपेक्षा जास्त उष्णता ओततंय. दुसरी शक्यता मी आजवर बघितलीच नव्हती.

टायमिंग लाइट लावला, म्हणजे ठिणगी कधी पडते ते दाखवणारा दिवा. खूण बरीच मागे. रेस दिली तरी जागची हलेना. डेल्को, म्हणजे सिलिंडरांना ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर, उघडला तर आतली फिरती वजनं वाळलेल्या ग्रीसमध्ये रुतून बसलेली. ठिणगी उशिरा पडली की पेट्रोल उशिरापर्यंत जळत राहतं, पिस्टन खाली निघून गेलेला असतो, आणि जी उष्णता चाक फिरवायला लागली असती ती एक्झॉस्टच्या तोंडातून हेडमध्ये आणि तिथून पाण्यात उतरते. ढोबळ हिशेब असा की पेट्रोलच्या उष्णतेतला एक हिस्सा चाकांना, एक धुराला आणि एक पाण्याला. मी पाण्याचा हिस्सा वाढवून बसलो होतो.

वजनं रॉकेलने धुतली, थेंबभर तेल, नवे पॉइंट, टायमिंग जागेवर. रात्री साडेनऊला त्याच पार्किंगमध्ये तेवढाच वेळ: वर ९१. रात्रीच्या गारव्याचे दोन-तीन अंश वजा केले तरी एकही रुपयाचा पत्रा न लावता तीन-चार अंश उतरले.

२ नोव्हेंबर, रविवार

विजेचा पंखा. हा मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. इंजिनचा पंखा काढायचा नाही, याला समोरून मदतनीस म्हणून लावायचा. १० इंची, पातळ, जाळीच्या पुढे. चालत्या गाडीत तो थोडी हवा अडवणार हे मान्य, पण मला भीती सिग्नलची आहे.

प्लॅस्टिकच्या पट्ट्या जाळीतून ओवून पंखा बांधायची पद्धत सर्रास दिसते. तसं करायचं नाही. थरथरीने पट्टी नळीला घासत राहते आणि सहा महिन्यांत भोक पडतं. दोन लोखंडी पट्ट्या वरच्या-खालच्या चौकटीला बोल्ट केल्या.

पहिल्यांदा चालू केला आणि जाळीसमोर कागद धरला. कागद जाळीकडे ओढला जायला हवा होता, तो माझ्याकडे उडाला. पंखा ओढणारा होता, मला ढकलणारा हवा. नुसत्या वायरी उलट केल्या तर फिरण्याची दिशा बदलते, पण पात्यांचा बाक चुकीच्या बाजूला राहतो आणि हवा निम्मीच येते. पातं काढून उलटं बसवलं, मग वायरी उलट केल्या. आता कागद चिकटून राहतो.

वीज: क्लॅम्प मीटरवर ७ अँपिअर. रिले, १५ अँपिअरचा फ्यूज, २.५ चौरस मिलिमीटरची वायर थेट बॅटरीवरून. ९२ ला चालू आणि ८७ ला बंद होणारा स्विच, शिवाय डॅशबोर्डखाली हाताने चालवायचं बटण. बाबांनी नंतर बसवून घेतलेला ऑल्टरनेटर आहे म्हणून हे जमतं. जुन्या डायनमोवर हेडलाइट आणि पंखा एकदम, तेही जागेवर उभ्या गाडीत, असं मी केलं नसतं.

संध्याकाळी घाटकोपर, सायन, तोच सिग्नल. चाळीस मिनिटं. सगळ्यात वरचा आकडा ९३.

९ नोव्हेंबर, रविवार

सकाळी साडेसहाला निघालो. आई पुढच्या सीटवर, मांडीवर मामांसाठी बेसनाचे लाडू. पनवेलपर्यंत ८३ ते ८५, थर्मोस्टॅट जिथे धरतो तिथेच. खोपोलीला चहा.

जुन्या रस्त्याने घाट चढायला घेतला. दुसरा गिअर, पहिला, परत दुसरा. ८८. ९०. एका वळणावर ट्रक अडकलेला, त्याच्या मागे सहा मिनिटं जवळजवळ उभेच. विजेचा पंखा सुरू झाल्याचा आवाज आला. ९२. ९३. मग उतरत ९१. लोणावळ्याच्या उंचीवर उघडं पाणी ९८ अंशांनाच उकळतं, त्यामुळे दाबाचं झाकण इथे खऱ्या अर्थाने कामाला येतं.

शिंगरोबाच्या देवळाजवळ आई म्हणाली, "थांब."

"आई, गाडी तापली नाहीये गं."

"मला माहितेय. तुझे बाबा इथे गाडी गार करायला थांबायचे आणि मी तेवढ्यात नमस्कार करून यायचे. आता गाडी थांबत नाही म्हणून मी नमस्कार करायचा नाही का?"

थांबलो. ती पायऱ्यांपाशी जाऊन आली. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचं हे ठाणं, असं बाबा सांगायचे, तेच तिने मला पुन्हा सांगितलं. मी तेवढ्यात बोनेट उघडून पाहत होतो. इंजिन बंद केल्यावर पंप थांबतो, पण तापलेला धातू पाण्यात उष्णता सोडतच राहतो: ९१ चे पाच मिनिटांत ९७ झाले. बाटलीत दोन बोटं पाणी आलं, बाहेर थेंब नाही. पाण्याची बाजू ठीक.

पेट्रोलची बाजू मात्र ठीक नव्हती. सुरू करायला चार सेल्फ लागले. त्या पाच मिनिटांत पेट्रोल पंप तापून आतल्या पेट्रोलची वाफ झाली होती. हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला हे लवकर होतं. ओलं फडकं पंपावर ठेवायची जुनी युक्ती चालली.

पावणेदहाला मामांच्या दारात. मामा काठी टेकत फाटकापर्यंत आले आणि आधी बोनेटला हात लावून पाहिला.

१६ नोव्हेंबर, रविवार

गार इंजिनावर तपासणी. रेडिएटर काठोकाठ, बाटलीची पातळी खुणेवर, म्हणजे घाटात बाहेर आलेलं पाणी सगळं परत गेलं. वरच्या होजची एक क्लिप अर्धा फेरा घट्ट केली. पट्टा अंगठ्याने १२ मिलिमीटर दबतो, ठीक.

पेट्रोल पंप आणि एक्झॉस्टच्या मध्ये कवचातल्या उरलेल्या पत्र्याचा आडोसा करतोय. नमुना कापला, बोल्टसाठी जागा शोधायची बाकी. पेट्रोलच्या रबरी नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घ्यायच्या आहेत.

डिकीतला कॅन धुतला. त्यात बोअरचं पाणी होतं, ते झाडांनाही घातलं नाही, ओतून दिलं. डिस्टिल्ड वॉटर भरून झाकणावर तारीख घातली आणि परत जागेवर ठेवला.